रॉसाठी संसदेचा कायदा हवा की नको?

विवस्वान: सप्टेंबर १९६८ मध्ये आयबीतून (देशाच्या गुप्तचर विभागातून) परदेशी हेरगिरीचं काम वेगळं काढलं, त्यासाठी रॉ उभी केली आणि ती रामनाथ काव यांच्याकडे दिली. ते सरकारी आदेशाने. रॉचं काम काय, अधिकार कुठवर, हे सांगणारा कायदा आजतागायत नाही. १९८५ चा एक आहे, पण तो कर्मचाऱ्यांनी संघटना काढू नये, वृत्तपत्रांशी बोलू नये यासाठी. माहिती अधिकाराच्या दुसऱ्या परिशिष्टातही नाव आहे, तेही माहिती न देण्यासाठी (भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप वगळून). ब्रिटनने एमआय-६ ला, म्हणजे आपल्या परदेशी हेरसंस्थेला, १९९४ मध्ये कायद्यात बसवलं. आपलं अजून घोडं अडलेलंच.

खडाष्टक: कायद्याने काम सुधारतं हे कशावरून? सीआयएला १९४७ पासून कायदा, सत्तरच्या दशकापासून देखरेखीला संसदीय समित्या. तरी २००२ मध्ये इराककडे रासायनिक आणि जैविक अस्त्रं आहेत असा चुकीचा अहवाल दिलाच. आपलं दुखणं वेगळं आहे. कारगिलनंतर चौकशीला नेमलेल्या सुब्रह्मण्यम समितीने बोट ठेवलं ते यंत्रणांमधल्या समन्वयावर. पुढे डीआयए (लष्करी गुप्तवार्ता), एनटीआरओ (तांत्रिक गुप्तवार्ता) या संस्था उभ्या राहिल्या, त्या कायद्यावाचूनच.

विवस्वान: आणि १९७७? आणीबाणीत रॉचा गैरवापर झाला या संशयावरून मोरारजी सरकारने संस्थेच्या खर्चाला कात्री लावली. संशय खरा की खोटा, हे ठरवायला चौकटच नव्हती. कायदा नसला की संस्था एका माणसाच्या मर्जीवर जगते. मर्जी असली की लाड, नसली की छाटणी.

पागोटे: देखरेख समितीचं नंतर बघू, आधी गुप्त कारवाईच्या परवानगीवर सही कुणाची ते ठरवा. ब्रिटिश कायद्याचं कलम ७ बघा: देशाबाहेर जे कृत्य एरवी गुन्हा ठरेल, त्याला मंत्र्याची लेखी परवानगी लागते. मुदत सहा महिने, पुढे चालवायचं तर नूतनीकरण. अमेरिकेत गुप्त कारवाईला राष्ट्राध्यक्षांचा लेखी आदेश लागतो. अगदी तातडी असेल तर निर्णय आधी घेता येतो, पण ४८ तासांत तो कागदावर यायलाच हवा. मागच्या तारखेने मंजुरी मुळीच नाही. ही अट ऐंशीच्या दशकातल्या इराण-काँट्रा प्रकरणातून आली. तिथे इराणला क्षेपणास्त्रं आधी गेली, सही नंतर झाली. सही असली की उद्या प्रकरण अंगाशी आल्यावर मंत्र्याला ‘मला ठाऊकच नव्हतं’ म्हणता येत नाही, आणि खालचा अधिकारी एकटा सापडत नाही.

खडाष्टक: कागद असतो तिथे तो फुटतोही. रबिंदर सिंग आठवा. रॉचा सहसचिव दर्जाचा अधिकारी, स्वतःच्या कामाशी संबंध नसलेल्या कागदांच्या प्रती काढत होता. पाळत होती, तरी २००४ मध्ये नेपाळमार्गे अमेरिकेला निसटला. आता त्याच कपाटात कारवायांच्या परवानग्याही ठेवायच्या?

पागोटे: त्याच कपाटात कशाला? मूळ प्रत सही करणाऱ्याच्या कार्यालयात, रॉकडे फक्त क्रमांक आणि मुदत. रबिंदर प्रकरण अंतर्गत सुरक्षेच्या ढिलाईचं. त्याचं खापर लेखी परवानगीवर कशाला फोडता?

विवस्वान: काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी २०११ मध्ये गुप्तचर संस्थांना कायद्याखाली आणणारं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) आणलं होतं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलेलं नाही. त्यामुळे मसुदा कितीही चांगला असो, सरकारने स्वतः मांडल्याशिवाय हे पुढे सरकायचं नाही.

खडाष्टक: आणि मोकळे हात कुठलं सरकार आपण होऊन बांधून घेईल?