आधी लस की आधी पेपर?

घाटाखालचा:
काल एका ग्रुपवरची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. 'डॉक्टर-सिस्टरना दोन दिवस वर्कशॉपला बसवून संशोधनाचे पेपर कसे शोधायचे ते शिकवलं म्हणे. आरोग्य केंद्रात विंचवावरची लस नाही आणि हे पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट, उघडतायत. शहरी चोचले!' खाली अंगठ्यांचा पाऊस.

महाड कोकणातच येतं ना? डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथेच लाल विंचवाचे रुग्ण पाहिले, नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन या दंशावर चालतं हे १९८६मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात मांडलं. पुढे २०११मध्ये 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय मासिकात त्यांचाच प्रयोग आला. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत लस. १० तासांत पूर्ण बरे झालेले: लसवाले ३२, नुसत्या गोळीवाले ८. लस मागायची तर हाच कागद साहेबाच्या टेबलावर आपटायचा. पोस्टवाल्याने तो वाचला असता तर त्याचीच बाजू भक्कम झाली असती.

चिऱ्याची भिंत:
पोस्ट माझीच, मागून कशाला बोलतोस? गवत कापताना माझ्या मेव्हण्याला विंचू चावला. हातपाय बर्फासारखे गार, घाम इतका की शर्ट पिळून काढावा. केंद्रात म्हणाले, पुढे न्या. रात्रीची ४० किलोमीटर वळणं, मी मागे बसून टॉवेलने त्याचं तोंड पुसतोय. वाचला, देवाची कृपा. आमका पेपर नको, लस व्हयी! बावस्कर एकच झाले, बाकीचे सर्टिफिकिटापुरते वर्कशॉपला जातात.

निवृत्त सिस्टर:
सर्टिफिकिटापुरतीच गेले होते मी, खोटं कशाला बोलू? जेवण बरं होतं. पण एक ऐका.

फुरसं साप चावला की आम्ही काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं टेबलावर ठेवायचो. हलवायची नाही. घड्याळ बघून एकदाच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं, लस सुरू. त्या दोन दिवसांत मी हीच परीक्षा शोधायला घेतली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं: नळी साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही. आणि आमच्याकडे मावशी रोज निरम्याने घासून नळ्या उन्हात मांडायच्या! किती जणांना उगाच लस टोचली देव जाणे. एका आंब्याच्या राखणदाराला तर लशीनेच थंडी वाजली, अंगभर गांध्या उठल्या. त्याला खरंच विष भिनलं होतं का, ते आता कोण सांगणार?

माडाखाली:
गांध्यांवर आमसुलाचं पाणी चोळायचं. आजी तेच करायची, तासात अंग साफ. यावर पेपर आहे का हो विद्वानांनो?

घाटाखालचा:
लशीची रिअॅक्शन आहे ती, अॅड्रेनलिन लागतं! आमसूल चोळत बसलास तर माणूस जाईल.

माडाखाली:
साध्या पित्ताचं बोलतोय मी. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्य असतं, वाचलंय. परदेशात म्हणे कोकमाच्या वजन उतरवायच्या गोळ्या विकतात आणि आपण सोलकढीला नावं ठेवतोय.

घाटाखालचा:
सोलकढीला कोण नावं ठेवतंय? त्या गोळ्यांचे बहुतेक प्रयोग गार्सिनिया कंबोजियावर झालेत. आपलं कोकम गार्सिनिया इंडिका. झाडच वेगळं! दोन दिवसांत हेच तर शिकवतात: रुग्ण कोण, दिलं काय, तुलना कशाशी, मोजलं काय.

माडाखाली:
म्हणजे माझी आजी खोटी?

घाटाखालचा:
आजी कुठून आली मध्येच? साधं पित्त बरेचदा काही तासांत आपोआप बसतं. श्रेय आमसुलाला.

माडाखाली:
तुझ्या घरी पाहुणा आलो तर सरबत देऊ नकोस. पेपर दे प्यायला.

चिऱ्याची भिंत:
झाडच वेगळं म्हणतोस, मग सापाचं काय? लशीसाठी विष येतं मुख्यतः तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीतून. विष मुलखागणिक बदलतं. आमच्या देवगडच्या फुरशाला ती तेवढीच लागू पडते कशावरून? आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचीच. बागेत चापडा साप चावला की तुमचा पुरावा काय करणार?

निवृत्त सिस्टर:
हा प्रश्न बरोबर आहे. तोच वर्कशॉपात विचारायला हवा होतात.

घाटाखालचा:
मान्य. इथल्या रुग्णांच्या नोंदी इथेच ठेवायला हव्यात. पण कोण ठेवणार? केंद्रातलं रजिस्टर पावसाळ्यात बुरशीने खाल्लेलं. निदान वाचायला तरी शिकू दे. कोणता उपचार चालतो याचे पुरावे एकत्र मांडणारी कॉक्रेन लायब्ररी २००७मध्ये आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, भारतात सगळ्यांना फुकट उघडून दिली होती, आपल्याकडे किती जणांनी उघडली?

चिऱ्याची भिंत:
फुकट देऊन काय, रेंज नाही. माडावर चढून वाचू? शिवाय सगळं इंग्रजीत. बरं, तो ३२ आणि ८वाला कागद पाठव. सोमवारी तालुक्याला जातोय, साहेबाच्या तोंडावर मारतो. वर्कशॉपला मात्र येणार नाही.

निवृत्त सिस्टर:
कागद न्याल तेव्हा साहेबांना नळ्यांचंही विचारा. नव्या, कोऱ्या, काचेच्या. प्लास्टिकच्या देतील, घेऊ नका.

माडाखाली:
आणि आमसुलाचं?