शहरी आरोग्य योजना चालली की नाही, हे मुलाखतींवरून ठरवायचं का?

निशाचर: एका शहरी आरोग्य योजनेचा मूल्यमापन रिपोर्ट वाचतोय. पद्धत काय तर स्टेकहोल्डर इंटरव्ह्यू, म्हणजे अधिकारी, डॉक्टर, आरोग्यसेविका, संस्थावाले आणि तोंडी लावायला थोडे लाभार्थी. आता ज्यानं योजना राबवली त्यालाच विचारल्यावर तो काय फसली म्हणणारे का? आणि लाभार्थी सापडतात तेही दवाखान्यात आलेलेच, जो कधी फिरकलाच नाही त्याला कोण विचारतं. ह्याला अभिप्रायाची वही म्हणा फारतर.

शेवटचा_बाक: आणि आकडे काय दिवे लावतात? ओपीडी कमी झाली एवढं कळतं, दवाखाना दिवसा उघडा आणि रोजंदारीवाला खाडा करून येणार नाही हे विचारल्याशिवाय कसं कळेल? 1854 च्या लंडनच्या कॉलऱ्यात जॉन स्नो या डॉक्टरचा नकाशा सगळ्यांना आठवतो, मृत्यू कुठे कुठे झाले ते मांडून त्यानं ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं, पण लांब हॅम्पस्टेडला एक बाई कॉलऱ्यानं गेली ती त्यात बसेना. तिच्या मुलाला विचारलं तेव्हा कळलं की तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं, रोज बाटली भरून जायची.

निशाचर: अरे पण स्नोकडे आधी मृत्यूंची सरकारी नोंद होती, मग तो दारोदार गेला, क्रम बघ ना. आणि 8 सप्टेंबरला लोकांनी ते पाणी पिऊ नये म्हणून पंपाचा दांडा काढला तोवर साथ ओसरायला लागली होती, लोक घरं सोडून पळाले होते, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. दांडा काढायचा निर्णय घेणाऱ्यांना नंतर विचारलं असतं उपाय लागू पडला का, तर काय उत्तर आलं असतं?

वहीपेन: मी अशा मुलाखती घेते, पोटासाठी. आरोग्यसेविका शेजारी बसलेली असली की बाई आधी तिच्याकडे बघते आणि मग म्हणते सगळं छान आहे. सेविका फोन घ्यायला बाहेर गेली की तीच बाई हळूच सांगते, गोळ्या अर्ध्याच मिळतात. म्हणजे खोट मुलाखतीत नाही, ती कुणासमोर घेतली त्यात आहे. दुसरं म्हणजे 12 मुलाखती झाल्या की पुरे, नवीन काही निघत नाही, म्हणून सगळे 2006 चा तो शोधनिबंध पुढे करतात, पण तो बऱ्यापैकी एकसारख्या बायकांच्या गटावरचा होता हो, इथे आयुक्तांपासून कचरा वेचणारीपर्यंत सगळे त्याच 12 मध्ये कोंबतात!

शेवटचा_बाक: सेविकेलाही एकटीला गाठून विचारा की, तिच्या डोक्यावर टार्गेट असतं, ती तरी साहेबासमोर काय बोलणार.

निशाचर: म्हणजे तुम्ही दोघं माझंच म्हणणं फिरवून सांगताय 😄

वहीपेन: नाही हो. मुलाखती टाकून द्या असं मी कुठे म्हटलं? 2007 ची कोरेक म्हणून 32 मुद्द्यांची यादी आहे, मुलाखतींवरच्या अभ्यासाच्या रिपोर्टात काय काय लिहायचं त्याची, त्यात मुलाखतीच्या वेळी तिसरं कुणी हजर होतं का हे लिहायला सांगितलंय. तुमच्या रिपोर्टात आहे का बघा.

निशाचर: बघितलं. 'गोपनीयता पाळण्यात आली' एवढी एक ओळ आहे, आणि परिशिष्टात ग्रुप फोटो.