ग्लेन गूल्डने मैफली सोडल्या : धाडस की पळवाट?

पाऊणमात्रा
कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२-१९८२) याने १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटची जाहीर मैफल केली. वय अवघं ३१. पुढची अठरा वर्षं फक्त स्टुडिओ, रेडिओ आणि टीव्ही. लोक याला दूरदृष्टी म्हणतात. माझ्या मते ही सरळ पळवाट होती. १९५७ मध्ये मॉस्को-लेनिनग्राडचे श्रोते डोक्यावर घेतात आणि सात वर्षांत हा माणूस दार लावून बसतो! चूक झाली तर पुन्हा वाजवता येत नाही, हीच त्याची मैफलीबद्दल तक्रार. अहो, त्यातच तर थरार आहे ना?

खर्जातला
थरार ऐकणाऱ्याला. वाजवणाऱ्याचं काय? गूल्डच्या मते लोक वादक कधी घसरतोय ते बघायला येतात. थोडं अतिरेकी आहे, पण अगदीच खोटं नाही.

आणि स्टुडिओत तो नुसत्या चुका पुसत नव्हता. संगीतकार बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर' या संग्रहाच्या पहिल्या भागातला ए मायनर फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येते अशी रचना) घ्या. सहावा आणि आठवा टेक (रेकॉर्डिंगसाठी पुन्हा पुन्हा केलेलं वादन), दोन्ही निर्दोष. पण एक भारदस्त, दुसरा उड्या मारणारा, आणि सलग ऐकताना दोन्ही एकसुरी. मग सुरुवात-शेवट एकातून आणि मधला भाग दुसऱ्यातून घेऊन त्याने एक फ्यूग जोडला. हा निर्णय वाजवताना सुचलेलाच नव्हता, नंतर ऐकताना सुचला. मैफलीत ही सोय कुठली?

पाऊणमात्रा
म्हणजे जो फ्यूग कुणीच कधी सलग वाजवला नाही, तो आपण 'गूल्डचं वादन' म्हणून ऐकायचा. धन्य! पियानोवादक होरोविट्झनेही १९५३ मध्ये मैफली थांबवल्या होत्या, पण १९६५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलला परतलाच की. सुरुवातीलाच चुकीचे सूर लागले, तरी लोकांनी त्याला उचलून धरलं.

ऋता_
त्याच मैफलीची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यातल्या चुका दुरुस्त केलेल्या होत्या हो. जशीच्या तशी आवृत्ती कितीतरी वर्षांनी बाहेर आली. तेव्हा 'खरी मैफल विरुद्ध खोटा स्टुडिओ' हे जरा जपून.

पाऊणमात्रा
हे मान्य. पण मैफल शंभर वर्षांत संपेल, असं गूल्डने १९६६ मध्ये लिहिलं. अजून तरी तिकिटं विकली जातायत.

खर्जातला
भाकीत फसू दे, काम बघा. बाखचीच 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना १९५५ मध्ये साडेअडतीस मिनिटांत, १९८१ मध्ये एक्कावन्न! इतकं बदलायला एकांतच लागतो.

ऋता_
नुसत्या मिनिटांवर जाऊ नका. १९५५ मध्ये त्याने पुनरावृत्त्या (तेच भाग पुन्हा वाजवणं) घेतल्याच नव्हत्या, १९८१ मध्ये काही घेतल्या. सुरुवातीची आरिया (मूळ धून) मात्र खरोखरच कितीतरी संथ आहे, तिथे तुमचं बरोबर. पण संथपणासाठी स्टुडिओच लागतो असं कुठंय? १९६२ मध्ये न्यूयॉर्कला त्याने ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) इतका संथ घेतला की कंडक्टर बर्नस्टाइनने आधी लोकांसमोर सांगून टाकलं, हे मला पटलेलं नाही. आणि तरीही साथ केली. लोकांसमोर असा हट्ट निभावणारा माणूस घाबरट कसा?

पाऊणमात्रा
हाच तर माझा मुद्दा! त्या संध्याकाळी समोर असहमत कंडक्टर होता, ऑर्केस्ट्रा होता, श्रोते होते. स्टुडिओत त्याला 'नाही' म्हणणारं कोण होतं?

खर्जातला
त्याचा स्वतःचा गळा! वाजवताना तो गुणगुणायचा आणि ते त्याला थांबवता येईना. वडिलांनी केलेली ती बुटकी खुर्चीही करकरायची, ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. दोन्ही आवाज रेकॉर्डवर आहेत. निर्जीव परिपूर्णतेच्या मागे लागलेला माणूस आधी खुर्ची बदलतो.

पाऊणमात्रा
खुर्ची ही खोड झाली, श्रोता नव्हे. मी १९५७ ची मॉस्कोची ध्वनिमुद्रणं ऐकतो, तुम्ही १९८१ ऐका.