उभा भागाकार तिसरीतच हवा की आधी नोटा मोडून वाटणी?

दशकसुट्टे: ‘भागा, गुणा, वजा करा, खाली उतरवा’ ही उभ्या भागाकाराची साखळी पुण्यातल्या बऱ्याच शाळांत आणि शिकवण्यांत फार घाईने गळी उतरवली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. 735 ÷ 5 घ्या. साखळी म्हणते, ‘7 मध्ये 5 एकदा’. पण ते 7 म्हणजे 700, हे कुठेच येत नाही. आता खेळातल्या नोटा घ्या: शंभराच्या 7, दहाच्या 3, रुपयाची 5 नाणी, वाटायची पाच जणांत. प्रत्येकी शंभराची 1, उरल्या 2. त्या मोडून दहाच्या 20, आधीच्या 3 धरून 23. प्रत्येकी 4, उरल्या 3. त्या मोडून 30 नाणी, अधिक 5, प्रत्येकी 7. उत्तर 147. ‘खाली उतरवणे’ म्हणजे काय ते हाताला कळतं. नोट मोडली की लगेच वहीत तीच ओळ लिहायची. मग काही महिने टप्प्यांनी भागाकार: 156 ÷ 6 मध्ये 20 वेळा, 120 गेले; उरले 36, आणखी 6 वेळा; 26. उभी मांडणी चौथीच्या दुसऱ्या सत्रात आली तरी काही बिघडत नाही.

पाढे_तीसपर्यंत: ताई, नोटांना विरोध नाही, टप्प्यांना आहे. पाढे कच्चे असलेलं मूल 20 वेळा घेतच नाही, 2-2 वेळा घेतं. 156 मधून 12-12 वजा करत 13 ओळी, आणि प्रत्येक ओळीत वजाबाकी चुकायची सोय. उभ्या मांडणीत दर घरात एकच अंक, 9 च्या पुढे कधीच नाही. दहापर्यंतचे पाढे पुरतात. फक्त ते ओळीने म्हणून घेऊ नका. ‘45 च्या अलीकडचा, 6 च्या पाढ्यातला कोणता?’ असं विचारा. भागाकाराला लागतो तो हा प्रश्न.

चौकटीची_वही: खरी गळती शून्यावर होते. 824 ÷ 4: 8 मध्ये दोनदा, 2 उतरवले, ‘भाग जात नाही’, म्हणून पुढचे 4 ही उतरवले, 24 मध्ये 6, उत्तर 26. ‘भाग जात नाही’ म्हणणं बंद करा, ‘शून्य वेळा जातो’ म्हणा आणि 2 च्या डोक्यावर 0 लिहा. पालकांच्या वेळी भागाकार कंसाच्या उजवीकडे लिहीत, तिथे घरं जुळत नाहीत. घरी तसं शिकवू नका. सुरुवातीलाच ठरवा: 8 शतकांत 4 जातो, म्हणजे उत्तर तीन अंकी.

दशकसुट्टे: तेच टप्प्यांत 200 वेळा आणि 6 वेळा होतं, 206. शून्य गळायला जागाच नाही! आणि सर, 13 ओळींवर उपाय आहे. बाजूला भाजकाची 1, 2, 5, 10, 20 पट आधी लिहून घ्यायची: 6, 12, 30, 60, 120. मूल सगळ्यात मोठी बसणारी पट उचलतं.

कोथरूडची_आई: शेवटी उरणाऱ्या बाकीचं काय? 137 मुलं सिंहगडाला, एका बसमध्ये 45. ‘3, बाकी 2’ लिहून मोकळे, पण बस 4 लागतात. 45 रुपयांच्या वह्या 137 रुपयांत घ्यायच्या तर मात्र 3 च. दोन्ही पद्धतींत हे शिकवायचं राहून जातंय.

पाढे_तीसपर्यंत: बरोबर, बाकी उरणारी गणितं वेगळी घ्यावीच लागतात. पण दोन अंकी भाजक आला की उशिरा उभी मांडणी शिकलेली मुलं अडतात. 1596 ÷ 19: 19 ला 20 समजून 159 मध्ये 7, 133 वजा, उरले 26. बाकी भाजकापेक्षा मोठी, म्हणजे 7 पुसून 8. हा अंदाज सरावानेच बसतो.

दशकसुट्टे: पुसायचं कशाला? त्या 26 मध्ये अजून एकदा 19 जातो, 7 च्या वर 1 लिहा. 8 झाले, उरले 7, पुढचे 6 उतरवा, 76 मध्ये 4. उत्तर 84.

पाढे_तीसपर्यंत: अंदाज कमी आला तर ठीक. 161 ÷ 23 मध्ये 23 ला 20 धरलं तर 8 येतात, 184 होतात. वजाच होत नाही, मग?

दशकसुट्टे: म्हणून भाजक नेहमी वरच्या दशकात न्यायचा. 23 ला 30 धरा: 5 वेळा, 115 गेले, उरले 46, त्यात 2 वेळा. झाले 7. ओळ एक वाढली, पण खोडरबर लागला नाही.