माथेरानच्या वाफेच्या गाडीतून कोण कोण गेलंय?

रत्नागिरीकर: आमच्या कोकण रेल्वेवर पहिल्यापासून डिझेल होतं, 2022 पासून वीज. त्यामुळे वाफेची घाटगाडी म्हणजे माझ्यासाठी नेरळ-माथेरानच. खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळशाची कणी जायचीच. मामी पदराच्या टोकाने काढायची. वाटेतल्या वॉटरपाइप स्टेशनला इंजिन पाणी प्यायला थांबलं की आम्ही पोरं उतरून थेट चाकांपाशी! तो तापलेल्या तेलाचा वास मला अजून हवाहवासा वाटतो. एक विचारायचंय, एवढ्या अवघड वळणांवर इंजिन अडकायचं कसं नाही?

मुरूडवाला: काका, ती इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपलची. त्यांत क्लीन-लिंडनर प्रकारचे आस (चाकं जोडणारे दांडे) होते: आतला आस फिरतो, बाहेरची पोकळ नळी चाकांसकट थोडी वळते. दोन रुळांमधलं अंतर 2 फूट, चढ 20 फुटांना 1 फूट. आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेला हा मार्ग 1907 मध्ये सुरू झाला.

श्रीवर्धनची: उताराचंही सांगा ना! डब्यांवर ब्रेकवाले असायचे, इंजिनाच्या शिटीवर हातब्रेक आवळायचे. खरं कसब त्यांचं.

रत्नागिरीकर: वा! त्या शिट्यांचा अर्थ आज कळला. नेरळला इंजिन ठेवलंय, नातीला आस दाखवतो.