नवा कॅप्टन अमेरिका वाचलेल्यांनी मत सांगा : भरतीच्या पोरांना द्यावा का?

नंदगडचा वाचनालयवाला

नमस्कार मंडळी. मी नंदगडला (ता. खानापूर, जि. बेळगाव) गावचं वाचनालय बघतो. पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं संध्याकाळी इथं पेपर चाळायला येतात. पेपर हातावेगळा झाला की मोबाईल निघतो. त्यांना वाचायची गोडी लागावी म्हणून यंदा देणगीतून कॉमिक्सचे खंड मागवले : २०१८ साली परत अंक १ पासून सुरू केलेला कॅप्टन अमेरिका. लेखक ता-नेहिसी कोट्स, चित्रं लेनिल फ्रान्सिस यू, मुखपृष्ठं अ‍ॅलेक्स रॉस. इंग्रजी पोरांना जड जातं, म्हणून रविवारी मी पानं दाखवत मराठीत सांगतो.

ज्यांनी फक्त सिनेमे बघितलेत त्यांच्यासाठी थोडं मागचं. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी हा नायक काढला. पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलंय आणि मुखपृष्ठावर हा गडी हिटलरच्या जबड्यात ठोसा हाणतोय. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीसुद्धा नव्हती; पर्ल हार्बर झालं त्या वर्षीच्या डिसेंबरात. सरकारनं शत्रू जाहीर करायच्या आधी या दोघांनी त्याला ओळखलं होतं. मला या नायकाचं मूळ तिथं दिसतं.

२०१६-१७ च्या कथांत मात्र भलतंच झालं. त्याचा भूतकाळच बदलून टाकला गेला, कॅप्टन, म्हणजे स्टीव्ह रॉजर्स, हायड्रा या नाझी वळणाच्या गुप्त संघटनेचा माणूस निघाला आणि हुकूमशहा होऊन देशावर बसला. शेवटी खरा स्टीव्ह रॉजर्स परत येतो, पण चेहरा तोच, ढाल तीच. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? कोट्सची मालिका इथून सुरू होते.

पहिल्याच अंकात वॉशिंग्टनमध्ये गर्दीवर गोळीबार होतो. गोळ्या झाडणारे सगळे एका साच्यातले, न्यूक नावाच्या जुन्या पात्रासारखे, आणि प्रत्येकाच्या तोंडावर अमेरिकेचा झेंडा. समोरून स्टीव्ह येतो, त्याच्याही अंगावर तारा आणि तेच पट्टे. मी ते पान वर धरलं तेव्हा बारावीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, झेंडा दोघांकडं पण हाय की. मग पब्लिकनं कुणाच्या बाजूला पळायचं?"

एवढ्या एका प्रश्नासाठी मला हे खंड घेतल्याचं सार्थक वाटलं. पण आमच्यातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं वेगळं आहे. फौजेत निघालेल्या पोरांच्या डोक्यात शंका कशाला घालताय, वाचून जोश येईल असं काही द्या, असं ते म्हणतात. माणूस तळमळीचा आहे, गावासाठी खूप केलंय त्यांनी, त्यामुळं त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. माझं मत असं की देश म्हणजे काय, हा प्रश्न वर्दी चढवायच्या आधीच पडलेला बरा. त्यात आपला भाग असा, की राज्य कुठलं, पाटी कुठल्या भाषेत, यावरून पोरांच्या कानावर लहानपणापासून काही ना काही पडतच असतं. माझ्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली पोरं येतात, एकाच मैदानावर धावतात. उद्या एकाच सेंटरला भरती होतील.

तुम्ही ही मालिका वाचली असेल तर मोकळेपणानं सांगा. कशी वाटली? आणि पोरांना पुढं काय द्यावं?

टिळकवाडी_जुना_वाचक

सर, उपक्रम उत्तम आहे, पण मालिका चुकीची निवडलीत असं मला वाटतं. मी इंद्रजालचा वेताळ मराठीतून वाचत मोठा झालो. कॉमिक्स हे आधी चित्रांचं काम. कोट्स मुळात निबंध लिहिणारा माणूस आणि ते प्रत्येक पानावर जाणवतं. चौकटीत स्टीव्हचं मनोगत, पुढच्या चौकटीत परत मनोगत. मारामारी ऐन रंगात आलेली असते आणि हा मनात अमेरिकेचा विचार करत असतो. पहिले सहा अंक संपले तरी शत्रूचा बेत धड कळत नाही. सत्ताधाऱ्यांचा गट, रशियातली बाई, जादूटोणा, सगळं एकात एक. पोरांना सांगताना तुमचीच दमछाक होईल.

दुसरं, हे दर वेळी अंक १ पासून सुरू करणं. १९९६, १९९८, २००२, २००५, पुढंही अनेकदा. २०१८ चा जो अंक १, तो जुन्या क्रमानं ७०५ वा. नवा वाचक यावा म्हणून १ लिहितात, आणि कथा मात्र अशी की मागची दोन वर्षं वाचल्याशिवाय कळत नाही. हे नव्या वाचकावर अन्याय करणारं आहे.

पोरांना त्याच्याच आधीचे, २०१७-१८ चे मार्क वेड आणि ख्रिस सॅमनीचे अंक द्या (६९५ पासून). नेब्रास्कातलं एक छोटं गाव, ज्याला कॅप्टननं कधीकाळी वाचवलेलं असतं, ते त्याच्या नावानं जत्रा भरवतं. साधी सरळ गोष्ट. सॅमनीची रेघ इतकी स्वच्छ आहे की शब्द झाकले तरी कथा कळते. इंग्रजी न येणाऱ्या पोरासाठी तर हेच हवं.

निपाणीची_वाचक

टिळकवाडीच्या काकांचा सॅमनीबद्दलचा मुद्दा मान्य. पण कोट्सची मालिका संथ आहे म्हणून वाईट, हे मला पटत नाही. लोकांचा विश्वास गेलाय, तो एका ठोशात परत येईल का? वेळ लागणारच. तो वेळ लागतो हेच तर दाखवायचंय त्याला.

आणि शॅरन कार्टरबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. या मालिकेत ती वयस्कर आहे, केस पांढरे झालेले. स्टीव्ह तुरुंगात असतो तेव्हा खरा शोध ती घेते, आणि तिच्यासोबत डॉटर्स ऑफ लिबर्टी म्हणून बायकांची एक फळीच उभी राहते. सुपरहिरो कॉमिक्समध्ये पिकल्या केसांची बाई योजना आखते आणि बाकीचे ऐकतात, असं मी फार कमी वाचलंय. सर, तुमच्या रविवारी मुली येतात का? येत नसतील तर हा भाग दाखवायला बोलवा त्यांना. भरती आता मुलीही देतात.

कंग्राळीचे_माजी_सैनिक

सर्वांना नमस्कार. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नातवामुळं ही मालिका निम्म्याच्या वर वाचली आहे. कॉमिक्सचा जाणकार नाही, पण प्रश्न फौजेत जाणाऱ्या पोरांचा आहे म्हणून लिहितो.

गुरुजी, त्या ज्येष्ठांना माझा निरोप सांगा. आपल्या मराठा सेंटरला, म्हणजे बेळगावच्या रेजिमेंट केंद्रात, रिक्रूटचं ट्रेनिंग पूर्ण झालं की कसम परेड होते. तिथं जवान कसम कशाची खातो? भारताच्या संविधानाशी निष्ठा राखण्याची. कुठल्या पक्षाची नाही, जातीची नाही, भाषेची नाही. त्याच कसमेत पुढं हेही आहे, की जिवावर बेतलं तरी वरिष्ठाचा हुकूम पाळीन. संविधान आधी, हुकूम त्याच्या पोटात. त्या पोरानं जे विचारलं, झेंडा दोघांकडं आहे मग कुणाकडं पळायचं, त्याचं उत्तर त्या कसमेच्या क्रमात आहे. झेंडा तोंडावर रंगवता येतो. निष्ठा कशाशी आहे ते हातून काय होतं यावरून कळतं. न्यूक निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडतो. त्याचा झेंडा बघायचं काही कारणच उरत नाही.

एक गोष्ट मात्र पोरांना बजावून सांगा. हा स्टीव्ह रॉजर्स जुन्या अंकांत दोनदा वर्दी उतरवतो असं नातवानं दाखवलं. १९७४ साली, वॉटरगेटच्या दिवसांत, सरकारातली सडलेली माणसं बघून. आणि १९८७ साली, सरकारी समितीचा ताबा नको म्हणून. कथेत ते शोभतं. खऱ्या जवानाला मन उठलं म्हणून असं मोकळं होता येत नाही. बाजूच्या खंदकातला गडी त्याच्या भरवशावर असतो.

आणि जोश पाहिजे असेल तर तो दूर शोधायला नको. कॉमिकातला कॅप्टन युरोपात नाझींशी लढत होता तेव्हा आपल्या रेजिमेंटची पोरं खरोखर इटलीत लढत होती. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. नंतर दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे कॅप्टनच्या शेजारी ठेवून सांगा.

मला या मालिकेत सगळ्यात काय भावलं म्हणाल, तर जनरल रॉसच्या खुनाचा आळ येतो तेव्हा स्टीव्ह पळून जात नाही. अंगात एवढं बळ असून स्वतःहून हजर होतो. कायद्याच्या पुढं मान झुकवायला ठोसा मारण्यापेक्षा जास्त छाती लागते.

निपाणीची_वाचक

सुभेदार साहेब, फार छान लिहिलंत. पण तो पुढं त्या तुरुंगातून बाहेर पडतोच की. तुरुंग चालवणारा स्ट्रकर म्हणजे जुना नाझी, हायड्राचा माणूस. ज्यांच्या हाती कायदा दिलाय तेच असे निघाले, तर कायद्यापुढं मान झुकवून भागत नाही. मला वाटतं हजर होणं आणि बाहेर पडणं हे दोन्ही एकत्र वाचलं पाहिजे.

कंग्राळीचे_माजी_सैनिक

बरोबर आहे ताई. तरी तो आधी हजर झाला होता, म्हणूनच बाहेर पडण्याचा हक्क त्याला पोचतो. सुरुवातीलाच पळाला असता तर मी पुस्तक मिटवलं असतं.

खानापूर_एसटी_स्टँड

सगळे अमेरिकेच्याच गोष्टी करायलेत म्हणून आठवण करून देतो. राज कॉमिक्सचा तिरंगा कुणी वाचलाय का? हिंदीतला आपला ढालवाला. मुखवट्यामागचं नाव अभय देशपांडे, म्हणजे आडनावानं आपल्यातलाच. आणि त्याच राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीक यांनी काढले, ते पुण्याचे चित्रकार. हिंदी असल्यामुळं मराठी-कन्नड दोन्ही पोरं स्वतःच्या स्वतः वाचतील, सरांना सांगत बसायला नको. कथा कोट्सइतकी खोल नाही हे मान्य, पण वाचायची सवय लागायला काय वाईट? माझ्याकडं थोडे जुने अंक आहेत, जीर्ण झालेत पण पानं पूर्ण आहेत.

नंदगडचा वाचनालयवाला

मंडळी, मनापासून आभार. एवढं कळकळीनं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सुभेदार साहेब, तुमचा मजकूर मी छापून वाचनालयात लावायला घेतोय, हरकत नसेल तर. त्या ज्येष्ठांना काल मी तो मोबाईलवर वाचून दाखवला. कसमेचं ऐकून ते म्हणाले की मग त्या माणसालाच एका रविवारी बोलवा. तेव्हा निमंत्रण समजा. घाडगे साहेबांची हकिकत तुमच्या तोंडून ऐकायला पोरांना जास्त आवडेल.

निपाणीच्या ताईंनी काढलेल्या मुद्द्यावर पोरांत बोलणं झालं. आमच्या गावात संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. कित्तूर संस्थानासाठी ईस्ट इंडिया कंपनीशी लढला, १८३१ साली त्याला इथं नंदगडला फाशी दिलं. त्या वेळच्या सरकारच्या कागदावर तो बंडखोर होता. आज दोन्ही भाषांतली माणसं तिथं हात जोडतात. कन्नड घरातल्या एका पोरानंच हे काढलं : "सर, स्टीव्हला जेलमध्ये घातलं तसं रायण्णाला पण घातलेलंच की. मग कायदा कुणाचा, ते आधी विचाराय पायजे." यावर अर्धा तास वाद झाला, आणि तो मी थांबवला नाही. मुलींचं म्हणाल तर दोघी येतात, शॅरनचा भाग आता त्यांनाच सांगायला देणार आहे.

टिळकवाडीचे काका, संथपणाची तक्रार मला काही अंशी पटते. शत्रूचा गुंता सांगताना मी तीन-चार पानं गाळून पुढं जातो, पोरांचं काही अडत नाही. पण न्यूकची ती पानं, जनरल रॉसशी बोलणं, तुरुंग, हे मी गाळणार नाही. वेड-सॅमनीचे अंक नक्की मागवतो. २००५ ची एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंगची मालिका कशी? विंटर सोल्जरचा सिनेमा पोरांनी बघितलाय, त्यामुळं ओळखीचं वाटेल असा अंदाज.

टिळकवाडी_जुना_वाचक

२००५ ची डोळे झाकून घ्या. हेरकथेसारखी पळते आणि मनोगतं बेतात आहेत. कॅप्टनचा युद्धातला साथीदार बकी परत येतो तो भाग पोरांना हलू देणार नाही. फक्त २००७ च्या अंक २५ ला स्टीव्ह मरतो, तेवढं आधी सांगू नका कुणाला. पहिला खंड माझ्याकडं आहे, वाचनालयाला देऊन टाकतो. कोट्सबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण रायण्णावरून वाद घडवला असेल त्यानं तर कपाटात राहू दे त्याला.

खानापूर_एसटी_स्टँड

काका, खंड बेळगावहून खानापूरपर्यंत आणून द्या किंवा कुणाच्या तरी हाती पाठवा. शनिवारी मी नंदगडला जातोय, तिरंगाच्या अंकांबरोबर पोचवतो.