रक्तातील जीवाणू ओळखण्यासाठी नॅनोकण कोणते निवडावेत?

मृण्मय: पदव्युत्तर प्रकल्पासाठी रक्तातील जीवाणूसंसर्ग ओळखणारा जैवसंवेदक तयार करण्याचे योजले आहे. सोन्याच्या नॅनोकणांचा लाल रंग जांभळट झाला की संसर्ग आहे असे समजावे, अशी थेंबभर रक्तावर होणारी चाचणी माझ्या मनात आहे. मार्गदर्शकांचा कल मात्र चुंबकीय कणांकडे आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

अनुजा_सूक्ष्म: थेंबभर रक्ताचा विचार आधी सोडून द्यावा. प्रौढांच्या रक्तात संसर्ग असतानाही दर मिलिलिटरला पुष्कळदा दहाहून कमी जीवाणू असतात आणि तांबड्या पेशी सुमारे ५ अब्ज. जीवाणू दहा धरले, तरी १० मायक्रोलिटरच्या दर दहा थेंबांपैकी साधारण नऊ थेंबांत एकही जीवाणू नसणार. मग संवेदक कितीही तल्लख असला तरी तो दाखवणार काय? रक्तसंवर्धनाच्या (रक्तातील जीवाणू पोषक द्रवात वाढवून ओळखण्याच्या चाचणीच्या) एका बाटलीसाठी ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात ते याचसाठी. तेव्हा मार्गदर्शकांचे म्हणणे रास्त आहे. आयर्न ऑक्साइडच्या चुंबकीय कणांवर प्रतिपिंडे (ठरावीक जीवाणूंना चिकटणारी प्रथिने) बसवून ते काही मिलिलिटर रक्तात मिसळावेत आणि नळीला बाहेरून चुंबक लावून कणांना चिकटलेले जीवाणू थोडक्या द्रवात गोळा करावेत.

मृण्मय: प्रतिपिंडे महाग पडतात. त्यांऐवजी व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक चालेल का?

अनुजा_सूक्ष्म: स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह (जाड, उघडी पेशीभित्तिका असलेल्या) जीवाणूंसाठी चालेल, कारण ते त्यांच्या पेशीभित्तिकेला बिलगते. ई. कोलायसारखे, भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असलेले ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू मात्र बव्हंशी निसटतील.

प्रयोगवही: सोने अगदीच बाद करू नये, पण ते जीवाणू वेगळे काढल्यानंतर वापरावे. २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात आणि हिमोग्लोबिनही त्याच भागात शोषण करते, त्यामुळे रक्तात रंगबदल वाचणे अवघड होते. शिवाय नुसत्या क्षारानेही हे कण एकत्र येऊन जांभळे पडतात, म्हणजे जीवाणू नसतानाच चाचणी होकारार्थी! बफरमध्ये (रक्ताऐवजी वापरलेल्या स्वच्छ द्रावणात) मिळालेल्या सुरेख आकड्यांवर विसंबू नये. निर्जंतुक रक्ताची आणि जीवाणू मोजून मिसळलेल्या रक्ताची चाचणी पहिल्या आठवड्यापासून सोबत ठेवावी. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेली टी२बॅक्टेरिया ही थेट रक्तातून जीवाणू ओळखणारी चाचणी अवश्य अभ्यासावी. तिच्यातही चुंबकीय कणच आहेत, पण ते जीवाणूंना नव्हे, तर त्यांच्या वाढवलेल्या डीएनएला जोडले जातात. प्रतिजैविक कोणते लागू पडेल हे ठरवण्यासाठी संवर्धन लागतेच, त्यामुळे प्रस्तावात ‘संवर्धनाला पर्याय’ असे लिहू नये.